विंडोजचा खेळ, लिनक्सचे घर

१४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आपल्यापैकी बहुतेक घरांत कोणाच्या लक्षात न येता निघून गेली. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. संगणक बंद पडले नाहीत. मुदत थोडी वाढवून घेण्याची सोयही कंपनीने ठेवली होती, पण ती मुदतवाढच. पुढचा रस्ता विंडोज ११ चा, आणि त्यासाठी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. रत्नागिरीत शिक्षक, कारकून, छोटे दुकानदार यांच्या घरी जे डेस्कटॉप आहेत, त्यांतले कितीतरी त्याहून जुने आहेत. आमचाही त्यांतलाच. चौथ्या पिढीचा आय-थ्री, आठ जीबी रॅम आणि जीटी ७१० नावाचे स्वस्तातले ग्राफिक्स कार्ड.

हा संगणक आमच्या घरात सगळ्यांचा आहे. शाळेच्या उर्दू आणि मराठी प्रश्नपत्रिका त्याच्यावर तयार होतात, शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात, धाकटीचे प्रकल्प छापले जातात. आणि सुट्टीच्या दिवशी अकरावीतला थोरला त्याच्यावर खेळतो. नवा लॅपटॉप घ्यायचा तर चाळीस-पन्नास हजार रुपये बाजूला काढावे लागतील. थोरल्याच्या बारावीच्या वर्षात ते आम्हाला परवडणारे नव्हते. चालू यंत्र भंगारात द्यायलाही मन होईना. कोणी तरी लिनक्स सुचवले. ते मोफत आहे, जुन्या यंत्रावर चालते, प्रश्नपत्रिका आणि अर्जांची कामे त्याच्यावर होतात. सगळ्यांनी मान डोलावली, फक्त थोरला गप्प राहिला. मग म्हणाला, "अब्बा, सगळं ठीक आहे. पण माझे गेम विंडोजचे आहेत. ते लिनक्सवर चालत नाहीत."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. विंडोजसाठी बनवलेली फाईल लिनक्सवर नुसती उघडली तर काहीच होत नाही. मग आम्ही आणखी एक पर्याय पाहिला. शहरातल्या एका दुकानात विचारले तर उत्तर लगेच मिळाले. पाचशे रुपये द्या, विंडोज ११ कसेही करून बसवून देतो, वर एका हार्ड डिस्कवरचे पन्नास गेम टाकून देतो. सगळे 'क्रॅक' केलेले, म्हणजे कुलूप तोडलेले.

ही गोष्ट आपल्याकडे इतकी सर्रास चालते की तिला चोरी म्हटले तर समोरचा हसतो. घरात त्या रात्री यावर बोलणे झाले. थोरल्याचा प्रश्न सरळ होता: कॉपी केल्याने कोणाचे काय कमी होते? आम्ही त्याच्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या. पहिली आपल्या दीनची. इस्लामी देशांच्या संघटनेशी जोडलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवैत इथल्या बैठकीत ठराव केला आहे की लेखन, शोध, व्यापारी नाव यांवरचे हक्क शरीयतच्या नजरेत खरे हक्क आहेत आणि त्यांवर हात टाकता येत नाही. दुसरी गोष्ट देशाच्या कायद्याची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३-ख हे बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरणाऱ्याबद्दलच आहे. त्यात कैदही आहे आणि दंडही.

पण मुलाला कायद्यापेक्षा माणूस लवकर कळतो. म्हणून आम्ही त्याला 'राजी' या खेळाबद्दल सांगितले. 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा पुण्यात बनलेला खेळ आहे. नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या छोट्या चमूने काही वर्षे खपून तो पुरा केला आणि २०२० साली तो बाजारात आला. राजी ही सर्कशीत काम करणारी मुलगी, हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली. पुराणकथांवर बेतलेली गोष्ट, राजस्थानी किल्ल्यांसारख्या इमारती आणि जुन्या लघुचित्रांसारखे रंग. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या उत्तम खेळांच्या यादीत त्याचे नाव होते. रत्नागिरीहून पुणे एसटीच्या एका रात्रीवर. दुकानदाराच्या हार्ड डिस्कवरच्या पन्नास खेळांत तोही असता, तर त्या पाचशे रुपयांतला एक पैसाही पुण्यात पोचला नसता. थोरला यावर काही बोलला नाही, पण दुकानात परत जायचा विषय त्याने काढला नाही.

आता खरी अडचण पुढे होती. 'राजी'सुद्धा संगणकावर विंडोजसाठीच निघाला आहे. प्रामाणिकपणे विकत घेतला तरी लिनक्सवर चालवायचा कसा?

लिनक्सचा जन्म १९९१ सालचा. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो सुरू केला आणि जगभरच्या लोकांनी वाढवला. आपल्याकडे २००२ पासून एमएस-सीआयटी करून हजारो शिक्षक संगणक शिकले आणि त्या शिकण्यात संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण डोक्यात पक्के बसले. म्हणून लिनक्सचे नाव काढले की पोटात गोळा येतो. आमचाही आला. तो कमी झाला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पामुळे. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात लिनक्सचे छोटे छोटे धडे मराठी आवाजात मोफत मिळतात. पडद्यावर काय दाबायचे ते दिसते आणि कानावर मराठी पडते. शाळेतून आल्यावर चहाबरोबर रोज एक धडा, असे आम्ही दोन आठवडे केले.

मग 'लिनक्स मिंट' एका पेनड्राइव्हवर घेतला. या प्रकारात एक मोठी सोय आहे. संगणकावरचे काहीही न पुसता तो पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतो. पडदा, आवाज, प्रिंटर, इंटरनेट सगळे चालते याची खात्री झाली. आमच्या सगळ्या फाईल्स एका वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवल्या आणि मगच तो कायमचा बसवला. नस्तालीक लिपीचा फॉन्ट टाकल्यावर उर्दू प्रश्नपत्रिकाही जशा हव्या तशा उमटू लागल्या. राहिले खेळ.

इथे आमच्या घरात एक गंमत झाली. विंडोजचे कार्यक्रम लिनक्सवर चालवणारे जे साधन आहे, त्याचे नाव 'वाईन'. थोरला आतल्या खोलीतून ओरडला, "अम्मी, वाईन उतरवलं, आता बॉटल्स पण घेतो!" बाहेर दादीच्या हातात तसबीह होती. "तौबा तौबा," म्हणत ती दारापर्यंत आली. 'बॉटल्स' हे त्याच कामाचे दुसरे एक साधन. इटलीतल्या एका तरुणाने सुरू केलेले. दादीची समजूत घालायला आम्हाला पाऊण तास लागला. नाव एका लांबलचक इंग्रजी वाक्यातली अक्षरे जोडून बनले आहे आणि त्या वाक्याचा अर्थ एवढाच की 'वाईन हे नक्कल करणारे यंत्र नव्हे', हे ऐकल्यावर तिने विचारले, "मग दुसरं नाव नव्हतं मिळत?" आमच्या घरात आता त्याला 'दुभाषी' म्हणतात. या लेखातही पुढे तसेच म्हणतो.

दुभाषी हा शब्द कामालाही फिट बसतो. आपल्या कोकणात अजूनही अशा नानी-दादी आहेत ज्या घरात कोकणी बोलतात, उर्दू वाचतात आणि तहसील कचेरीत मराठी अर्ज द्यायचा म्हटले की शेजारच्या शिकलेल्या पोराला बरोबर नेतात. नानी म्हणते, "माझ्या नावावर वाडी कर म्हणावं," आणि पोरगा ते अर्जाच्या भाषेत लिहून खिडकीत देतो. उत्तर आले की पुन्हा नानीच्या भाषेत सांगतो. नानी बदलत नाही, कचेरीही बदलत नाही. विंडोजचा खेळ असाच सतत काही ना काही मागत असतो: ही फाईल उघड, इथे रेघ काढ, कोणते बटण दाबले ते सांग. या मागण्या विंडोजच्या भाषेत असतात. दुभाषी त्या ऐकतो, लिनक्सच्या भाषेत मागतो आणि उत्तर परत देतो. खेळाला वाटते आपण विंडोजवरच आहोत.

हे काम किती अवघड आहे याचा अंदाज एका गोष्टीवरून येतो. वाईनची सुरुवात १९९३ ची. १९९४ पासून अलेक्झांड्र ज्युलियार हे त्याचे नेतृत्व करत आहेत. आणि '१.० आवृत्ती तयार झाली' असे जाहीर व्हायला जून २००८ उजाडला. पंधरा वर्षे! विंडोजचा आतला मजकूर त्यांच्यासाठी उघडा नव्हता. बाहेरून बघायचे, ही मागणी केली की हे उत्तर येते याची नोंद करायची आणि तसेच उत्तर देणारे स्वतःचे काम लिहायचे, अशी ही रीत आहे. म्हणून त्यात चोरी नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तर खुद्द मायक्रोसॉफ्टने आपल्याकडचा मोनो नावाचा एक जुना प्रकल्प वाईनच्याच लोकांच्या हाती सोपवला.

वाचक विचारतील की खेळांची मोठी ऑनलाईन दुकाने आहेत, त्यांतले स्टीम लिनक्सवरही चालते, मग सरळ तिथूनच का घेतले नाही? ज्यांना सोयीचे वाटते त्यांनी जरूर घ्यावे. आमची कारणे घरगुती होती. एक तर अशा दुकानाचा कार्यक्रम संगणकावर बसला की रोज नवी सवलत, नवी जाहिरात समोर येते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलासमोर ते चोवीस तास उघडे राहावे असे आम्हाला वाटत नव्हते. दुसरे कारण आमच्या किनाऱ्याचे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा वीज आणि नेट दोन्ही गेले. दर पावसाळ्यात विजा कडाडल्या की राउटरची वायर काढून ठेवावी लागते. जी वस्तू विकत घेतली ती वापरायला दर वेळी दूरच्या दुकानाची परवानगी लागू नये एवढीच आमची इच्छा.

म्हणून पहिला खेळ घेतला तो जीओजी या दुकानातून. २००८ साली पोलंडमध्ये ते सुरू झाले, जुने चांगले खेळ विकण्यासाठी. त्याची खासियत अशी की खेळाची पूर्ण फाईल आपल्या हाती देतात आणि त्या फाईलला कुलूप नसते. ती पेनड्राइव्हवर ठेवा, नेट नसताना बसवा, दहा वर्षांनी बसवा. दुकानाचा स्वतःचा कार्यक्रम विंडोज आणि मॅकसाठी आहे, पण नुसती फाईल उतरवून घेतली तर त्याची गरज पडत नाही. ब्राउझरमध्ये पैसे भरले, फाईल घेतली, दुकान बंद केले. कुलूप नाही म्हणजे दहा मित्रांना वाटायला मोकळीक आहे असा त्याचा अर्थ होत नाही, हे थोरल्याला वेगळे सांगावे लागले नाही. पुण्याची गोष्ट त्याच्या लक्षात होती.

खेळ त्यानेच निवडला: 'स्ट्राँगहोल्ड क्रुसेडर'. २००२ सालचा, किल्ले बांधायचा आणि राखायचा खेळ. त्यात सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी आहेत, म्हणून त्याला ओढ. सेलमध्ये तो एका बिर्याणीच्या पार्सलपेक्षा स्वस्तात मिळाला.

बसवण्याची रीत सांगतो, कारण ऐकायला वाटते तितकी ती कठीण नाही. दुभाषी प्रत्येक खेळासाठी एक वेगळा फोल्डर बनवू शकतो आणि त्या फोल्डरात एक खोटा 'सी ड्राइव्ह' असतो. खेळाला वाटते हाच विंडोजचा सी ड्राइव्ह. एका खेळासाठी काही बदल करावे लागले तर दुसऱ्याला धक्का लागत नाही, आणि काही बिनसलेच तर तो एक फोल्डर पुसला की झाले, बाकी संगणक जसाच्या तसा. थोरल्याने फोल्डर बनवला, जीओजीची फाईल दुभाष्याच्या हाती दिली, विंडोजवर येते तशीच 'नेक्स्ट, नेक्स्ट'ची चौकट आली आणि वीस मिनिटांनी पडद्यावर वाळवंट दिसू लागले. आम्ही दोघे मागे खुर्च्या टाकून बसलो होतो. सलाहुद्दीनवरून १११७ की ११८७ असा वाद झाला, हित्तीनची लढाई ११८७ ची हे धाकटीने पुस्तक आणून दाखवले.

सलाहुद्दीन सोपे गेले कारण खेळ जुना. 'राजी'ने घाम काढला. तो दोहाच्या मामूने ईदी म्हणून थोरल्याला घेऊन दिला होता. बसवला, सुरू केला, पडदा काळा. आवाज येत होता, चित्र नाही.

थोरल्याने खेळ टर्मिनलमधून सुरू केला, म्हणजे काळ्या चौकटीत हुकूम टाइप करून. तसे केले की दुभाषी काय काय करतो आहे ते ओळीओळीने लिहीत जातो. त्यात 'फिक्समी' हा शब्द शेकडो वेळा येतो. आम्हाला आधी वाटले इतक्या चुका आहेत तर हे चालणार कसे. पण 'फिक्समी' म्हणजे चूक नव्हे. लिहिणाऱ्याने पुढच्यासाठी ठेवलेली ती चिठ्ठी आहे: 'हा भाग मी अर्धा केला आहे, पुढचा कोणी पुरा करा.' वर्गात पोरांनी वहीच्या समासात असे प्रामाणिकपणे लिहावे म्हणून आम्ही वीस वर्षे सांगत आलो आहोत. थोरल्याला या चिठ्ठ्या बाजूला सारून खरी तक्रार शोधायची होती. ती सापडली शेवटच्या काही ओळींत, आणि 'वल्कन' या शब्दाशी जोडलेली होती.

त्याचे असे आहे. चित्र काढण्यासाठी विंडोजचे खेळ 'डायरेक्ट-थ्रीडी' नावाची भाषा वापरतात. लिनक्सवर त्यासाठी २०१६ साली आलेली 'वल्कन' ही भाषा आहे. या दोहोंमधला खास चित्रांचा दुभाषी म्हणजे 'डीएक्सव्हीके'. त्याची कथा थोरल्याला फार आवडली. फिलिप रेबोले या जर्मन तरुणाला 'निअर: ऑटोमाटा' हा एक खेळ लिनक्सवर खेळायचा होता, तो चालत नव्हता, म्हणून त्याने २०१७-१८ च्या सुमारास हा दुभाषी स्वतःच लिहायला घेतला. पुढे स्टीमवाल्या वाल्व्ह कंपनीने त्याच्या कामाला पैसा दिला आणि वाईन, डीएक्सव्हीके आणि आणखी काही भाग एकत्र करून ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्रोटॉन' काढले. २०२२ पासून विकले जाणारे त्यांचे स्टीम डेक हे हातातले यंत्र याच्याच जोरावर लिनक्सवर विंडोजचे खेळ चालवते. हे सगळे काम उघडे आहे. म्हणून आमच्यासारख्यांना ते स्टीमचे दुकान संगणकावर न बसवताही मिळते. 'लुट्रिस' आणि 'हिरोइक' ही स्वयंसेवकांनी बनवलेली साधने ते आणून खेळाला जोडून देतात.

आमच्या काळ्या पडद्याचे कारण असे निघाले की डीएक्सव्हीकेची २.० पासूनची आवृत्ती वल्कन १.३ मागते. आमच्या जीटी ७१० कार्डाला लिनक्सवर जो शेवटचा अधिकृत ड्रायव्हर मिळतो तो ४७० क्रमांकाचा, आणि त्याची धाव वल्कन १.२ पर्यंतच. म्हणजे नवा दुभाषी आमच्या कार्डाला कळेल अशी भाषाच बोलत नव्हता. उपाय जुना दुभाषी बोलावण्याचा: आवृत्ती १.१०.३. ती बसवली आणि 'राजी' पडद्यावर आली.

हे शोधायला थोरल्याला चार संध्याकाळी लागल्या. त्याने एक दोनशे पानी वही केली होती. एका बाजूला काय बदलले, दुसऱ्या बाजूला काय झाले. एका वेळी एकच बदल. बरोबर झाले तरी लिहायचे, बिघडले तरी लिहायचे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीत तो मागच्या मुलाचे उतरवतो अशी त्याच्या सरांची तक्रार होती. ही वही त्याने कोणाचीही बघितलेली नव्हती.

आता जे झाले नाही तेही सांगायला हवे. 'राजी' दिसली, पण अडखळत चालते. चित्राचा दर्जा अगदी खाली आणल्यावर बरी धावते. दुभाषी भाषा बदलून देतो, कार्डाची ताकद वाढवून देत नाही. त्या कार्डावर विंडोजमध्येही ती फार वेगळी धावली नसती.

दुसरी उणीव मोठी आहे. थोरल्याचे चुलतभाऊ मुंब्र्याला राहतात. ते सगळे मिळून 'व्हॅलोरंट' खेळतात आणि हा त्यात नाही. व्हॅलोरंटमध्ये फसवणूक पकडण्यासाठी 'व्हॅनगार्ड' नावाचा पहारेकरी असतो आणि तो विंडोजच्या अगदी गाभ्यात जाऊन बसतो. आमच्याकडे विंडोजचा गाभाच नाही, फक्त त्याची भाषा समजणारा दुभाषी आहे. पहारेकऱ्याला बसायला जागा नाही, म्हणून खेळ सुरू होत नाही. 'लीग ऑफ लेजंड्स' लिनक्सवर बरी वर्षे चालत होता. मे २०२४ मध्ये त्याला हाच पहारेकरी लावला आणि तो बंद झाला. 'फोर्टनाइट'ही चालत नाही. असे काही पहारेकरी बनवणाऱ्यांनी २०२१ पासून लिनक्सला वाट करून दिली आहे, पण ती उघडायची की नाही हे प्रत्येक खेळाच्या कंपनीवर आहे. यावर वही, चिकाटी, संध्याकाळी, काही उपयोगाचे नाही.

थोरल्याला याचे वाईट वाटते. शनिवारी रात्री भावांचा ग्रुप कॉल चालू असतो, हसणे ऐकू येते, आणि हा फोन कानाला लावून नुसता ऐकत असतो. आमच्याकडे त्यावर उत्तर नाही. मे महिन्याच्या सुट्टीत तो मुंब्र्याला गेला तेव्हा पोटभर खेळून आला. घरी एवढ्यासाठी विंडोज ठेवायचे का, हा प्रश्न त्याने एकदा विचारला. आम्ही हिशेब त्याच्याच हाती दिला: यंत्र नवे घ्यावे लागेल, पैसे इतके आहेत, बारावीची क्लासची फी इतकी आहे, तू सांग. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "बारावीनंतर बघू." ते 'बघू' आम्हालाही बांधून आहे.

ज्या घरांत असाच जुना संगणक आणि असाच एखादा थोरला आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी.

आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा आणि फाईल्सची प्रत काढल्याशिवाय काहीही पुसू नका. मुलाचे आवडते खेळ कागदावर लिहून घ्या. त्यांत भावंडांबरोबर, मित्रांबरोबर ऑनलाईन खेळायचे किती आहेत ते मोजा. एकट्याने खेळायचे बहुतेक चालतील, पहारेकरी असलेले बहुतेक अडतील. हे संगणक बदलण्याआधी मुलाला सांगा, नंतर नव्हे.

खेळ घेण्याआधी आपले ग्राफिक्स कार्ड कोणते आणि त्याला वल्कनची कोणती आवृत्ती मिळते ते पाहा. लिनक्समध्ये एका हुकमात ते कळते. जुन्या यंत्रावर दहा-वीस वर्षांपूर्वीचे खेळ जास्त सुखाने चालतात आणि ते स्वस्तही असतात.

लिनक्सवर व्हायरस येत नाही असे ऐकून कोणाकडूनही आलेली विंडोजची फाईल उघडू नका. दुभाषी चांगल्या कार्यक्रमाचे बोलणे जसे पोचवतो तसेच वाईटाचेही पोचवतो. शिवाय त्याच्या मूळ मांडणीत 'झेड ड्राइव्ह' असतो आणि त्यातून कार्यक्रमाला आपल्या घरच्या फाईल्सही दिसतात. कुलूप तोडलेल्या खेळांतून नेमके हेच घरात शिरते.

आणि जमल्यास तुम्हीही मुलाच्या मागे खुर्ची टाकून बसा. सगळे कळले नाही तरी चालेल. आमच्याकडे आता दादीही कधी कधी येऊन बसते. सलाहुद्दीनच्या किल्ल्यात गव्हाचे कोठार कुठे बांधावे यावर तिचे मत ठाम असते: विहिरीपासून लांब, नाही तर पावसात दाणा भिजेल. खेळात पाऊस पडत नाही हे थोरल्याने तिला अजून सांगितलेले नाही. कोठार तो ती सांगेल तिथेच बांधतो.